कणकेच्या गोळीतलं नाव

वहिनीच्या वर्षश्राद्धाला पुतण्यानं पिंड नदीत सोडले आणि ते तळाला जायच्या आधीच माशांनी फोडले. भटजी म्हणाले, लवकर पोचलं, चांगलं झालं. पुतण्याचा चेहरा उजळला. मी घाटाच्या पायरीवर बसले होते. पाण्याखालून एक रुंद पाठ वळली, शेपटीचा फटका बसला, लाटा माझ्या पायापर्यंत आल्या, आणि मी पाय वर ओढून घेतले. सत्तरी आली, गुडघे करकरतात, शाळेतून निवृत्त होऊनही जमाना झाला. पण मासा पिठाला तोंड लावताना दिसला की मला अजून चोरट्यासारखं होतं.

वहिनीनं जाताना माझ्यावर एक काम सोपवलं होतं. सांगलीच्या दवाखान्यात शेवटी शेवटी ती फारसं बोलत नव्हती. एकदा सगळे बाहेर गेल्यावर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "वन्सं, हौसाला त्या माशाचं सांगा. माझ्यानं झालं न्हाई." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं? आणि मग वर्ष घालवलं. मध्ये गावी येऊनही गेले. शेजारच्या हौसाक्काच्या ओट्यावर बसून चहा प्याले, उसाच्या तोडीवर आणि तिच्या सुनेवर बोलले, आणि तसंच तोंड मिटून परतीच्या एसटीत बसले. पोरांना खरं बोला म्हणून शिकवण्यात जन्म गेला आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा दातखीळ बसली.

आज मात्र सांगायचंच, असं घरातून ठरवून निघाले होते. जेवणं व्हायला अवकाश होता. सगळे घराकडे वळले, मी पायरीवरच राहिले. पाण्याला तोच जुना वास होता, शेवाळाचा आणि ओल्या दगडाचा. त्या वासानं मला धरून ठेवलं.

वहिनी कोयनेकाठची. कराडला कोयना कृष्णेत मिळते आणि मग ते सगळं पाणी रुंदावत, आळसावत आमच्या गावावरून सांगलीकडं जातं. "तुमचं पानी आमच्याकडनंच आलंय," असं ती नवी नवरी असतानाच आईला सुनावून बसली होती. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता. सैन्यातून पाय अधू होऊन आलेला तो माणूस दिवसभर गळ टाकून नदीकाठी बसायचा आणि शेजारी लेकीला बसवायचा. त्यामुळं वहिनीला रांगोळी आली नाही, पण मासा आला. आता आमच्या घरात मासे चालायचे, सोमवार-गुरुवार सोडून आवडीनं चालायचे, पण चांगल्या घरची सून काठावर गळ टाकून बसली म्हणजे आईच्या भाषेत अब्रूचा पंचनामा. म्हणून वहिनी धुण्याला जायची. धुण्याच्या गाठोड्यात दादाची जुनी खाकी पँट असायची आणि त्या पँटच्या खिशात तिचा सगळा संसार: काडीला गुंडाळलेला तंगूस म्हणजे गळाची दोरी, कराडच्या बाजारातून आणलेले दोन-तीन गळ, शिशाचा तुकडा.

ती आधी कपडे भिजवायची. मग इकडंतिकडं बघून गळ सोडायची, तंगुसाचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि धुणं धोपटायला लागायची. मी एकदा विचारलं, या आवाजानं मासा पळत नाही का? ती म्हणाली, रोजचा आवाज त्याला घरचा वाटतो, नवा आवाज आला की पळतो. अंगठ्याला हिसका बसला की ती मटकन खाली बसायची आणि पलीकडच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "काटा मोडला गं बाई." बायका हळहळायच्या. त्या घाटावर वहिनीच्या पायात जितके काटे मोडले तितके साऱ्या बाभळबनात नसतील.

चाऱ्याला पैसा घालायचा नाही, हा तिचा नेम. "इकतचा चारा आन् उसना दागिना, दोन्ही अंगी लागत न्हाईत," हे तिचं ठरलेलं वाक्य. आता म्हणे माशांचा चारा पाकिटातून येतो, स्ट्रॉबेरीच्या वासाचा. कृष्णेतल्या माशानं पाचगणीची स्ट्रॉबेरी कधी चाखली होती देव जाणे. वहिनीचा चारा ऋतूप्रमाणं बदलायचा आणि मला वर्ष कळायचं ते त्या वासांवरून. उन्हाळ्यात उंबर. घाटाच्या खाली, नदी वळते तिथं एक उंबर डोहावर वाकलेला होता. पिकलेलं फळ डुबकन पाण्यात पडलं की खाली रोहू टपलेलाच असायचा. वहिनी तसंच एक उंबर गळाला लावून तस्संच डुबकन सोडायची. पावसाळ्यात गढूळ पाण्यात मासा डोळ्यानं नाही, नाकानं खातो. तेव्हा उकिरड्याकडेची गांडुळं. पळसाच्या पानाची ती पुडी माझ्या हातात असायची आणि आतली वळवळ तळहाताला लागायची. मला शिसारीही यायची आणि पुडी सोडवायचीही नाही. पाणी निवळलं की शिळी भाकरी कोंड्यात कुस्करून तिला काकवीचा हात. आणि थंडीत, गुऱ्हाळं लागली की शेंगदाण्याची पेंड: रात्रभर भिजवलेली, फडक्यात पिळलेली, त्यात काहिलीवरची थोडी मळी आणि नखभर हिंग. ती मळताना वहिनीच्या बोटांना जो वास लागायचा तो दोन दिवस जायचा नाही. जेवताना मी तिच्या शेजारी बसायचे ते त्या वासासाठी. प्रत्येक चारा ती जिभेच्या टोकाला लावून बघायची. आपल्याला गिळवत नाही ते माशाला कशाला द्यायचं, म्हणायची. मी सांगते ते खोटं वाटेल, पण उंबर, काकवी आणि भिजल्या पेंडीचा वास आला की मला अजून भूक लागते, आणि मागोमाग लाज वाटते.

मासा घरी आला की तो भोयाकडून जोंधळ्यावर घेतलेला असायचा. आई काही विचारायची नाही. भोईण गावात फिरकलीच नाही त्या दिवशीही आमच्याकडं कालवण व्हायचं, आणि आई काही इतकी भोळी नव्हती. कालवणाची पहिली वाटी शेजारी हौसाक्काकडं जायची. हौसाक्का आणि वहिनी एकाच वर्षी लग्न होऊन आळीत आलेल्या. हौसाक्काचा नवरा ज्ञानदेव आणि आमचा दादा, संपत, दोघं एकाच पलटणीत. सुट्टीवर यायचे तेही बरोबरच, एकाच ट्रंकेत दोघांचे कपडे. त्यामुळं या दोघींचं दुःखही एकाच वेळी सुरू व्हायचं आणि सुखही. दुपारची भांडी झाली की एकमेकींच्या वेण्या घालत ओट्यावर बसायच्या आणि मधूनच अशा काही हसायच्या की आई आतून खाकरायची.

मग लढाईचा हिवाळा आला. चावडीपुढच्या रेडिओभोवती माणसं उभी असायची, आणि बायका घरात माणसांच्या तोंडाकडं बघून बातमी ओळखायच्या. पत्रं थांबली होती. तेव्हा आमच्या शाळेतल्या मास्तरांची बायको आईला म्हणाली की त्यांच्या वाईला एक रीत आहे. घरचं माणूस संकटात असलं की कागदाच्या चिठ्ठ्यांवर रामनाम लिहायचं, एकेक चिठ्ठी गव्हाच्या कणकेच्या गोळीत घालायची आणि ती गोळी नदीतल्या माशांना द्यायची. मुक्या जिवाच्या मुखात नाव गेलं की ते पोचतं. मात्र ज्याच्यासाठी द्यायच्या त्याच्या घरच्या बाईनं आपल्या हातानं द्यायच्या.

आईला ते पटलं, पण पुरतं नाही. ती विचारात पडली. "राम समद्यांचाच," ती म्हणाली. "त्येला कसं कळायचं, ह्यो मासा कुनासाठी खातोय?" शेतसाऱ्याच्या पावतीवरसुद्धा नाव लागतं, मग देवाच्या दारी नको का? म्हणून तिनं ठरवलं की वर राम आणि खाली ज्याचं त्याचं नाव लिहायचं. मास्तरीणबाई म्हणाल्या, हे शास्त्रात नाही. पण फार हळू म्हणाल्या. ज्या बाईचा मुलगा लढाईवर आहे तिला शास्त्र कोण शिकवणार?

आळीतल्या बायकांत लिहिता येणारी मी एकटीच. माझी सहामाहीची वही फाडली, निळी शाई घेतली आणि ओट्यावर बसले. वर राम, खाली संपत. वर राम, खाली संपत. हाताला रग लागली. मग हौसाक्काची पाळी आली. तिला मी मुद्दाम विचारलं, काय नाव लिहू? बायको नवऱ्याचं नाव कशी घेणार? ती लाजली, म्हणाली, तुला ठाऊक नाही होय? मी म्हटलं, मला कुठलं ठाऊक, उखाण्यात सांग. तिनं खरंच उखाणा घेतला. लढाई चालू होती, आणि आम्ही तिघी डोळ्याला पाणी येईस्तवर हसलो. आईनं कणगीतले गहू काढले. आमच्याकडं रोज भाकरी. गहू म्हणजे सण, पाहुणा, जावई. त्यातले निम्मे तिनं हौसाक्काच्या पदरात घातले. तिच्या घरात त्या साली जोंधळासुद्धा तळाला गेला होता, दोन लहान पोरं होती आणि तिसऱ्याचे दिवस भरत आले होते. आई म्हणाली, दोघं एका ताटात जेवणारी पोरं, नवसही बरोबरच व्हायला हवा.

आम्ही उन्हं पाण्यात शिरल्यावर जायचो. हौसाक्का पहाटेच उरकून येते म्हणायची. अवघडलेल्या बाईला चारचौघींत घाट उतरायला नको वाटत असेल, असं आम्हाला वाटलं. आई पायरीवर बसून एकेक गोळी कपाळाला लावायची आणि सोडायची. पहिल्यांदा नुसतेच बुडबुडे. मग काही दिवसांनी मासे घाटाला यायला लागले. मग तर आईच्या बांगड्या वाजल्या की पाण्याखाली पाठीला पाठ लागायची. रोहू, तांबर, एखादा जुना कटला, तोंडं वर काढून, घरच्या जनावरासारखे. वहिनीनं आपला गळ फळीवर टाकून दिला होता. पण माझ्याजवळ उभी राहून ती हळूच म्हणाली, "वन्सं, हातानं उचलावा असा हाय की." आणि लगेच तिनं स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली.

त्याच सुमाराला हौसाक्काला काही म्हणजे काही पोटात ठरेना. ती वाळत चालली. एके दिवशी वहिनीला म्हणाली, इंदू, एक मासा मिळंल का गं? पोटुशी बाई तोंडानं मागते, तिला नाही म्हणायचं नसतं. वहिनी मला घेऊन निघाली. घाटावर तर नाहीच, घाटाच्या जवळपासही नाही. वळणाच्या पलीकडं, उंबराच्या डोहाशी. घाटावरचे मासे देवाचे, इथले आपले, अशी तिनं नदीची वाटणी केली होती. मासे त्या वाटणीला कसे बांधलेले असणार, हे तिच्यासारख्या जाणतीला सुचलं नाही. मला वाटतं, सुचू दिलं नाही.

पेंड लावली. मळी लावली, हिंग वाढवला. कोंडा, काकवी, भाकरी. उंबराला त्या दिवसांत फळ नव्हतं, पण कुठूनशी दोन सुकी उंबरं शोधून तीही लावून झाली. वर्षभराचे सगळे चारे तिनं एका दुपारी पाण्यात घातले आणि मासा हुंगेना. सबंध नदीला गव्हाची चटक लागली होती. ऊन कलायला लागलं तशी तिनं पदराची गाठ सोडली. सकाळी परात खरवडून निघालेली कणीक होती ती, चिमूटभर, नावाबिगरची. घेऊन आली होती म्हणजे मनात कुठं तरी होतंच. तिनं ती जिभेला लावली नाही. गळाला लावली, सोडली, आणि बसायच्या आत अंगठ्याला हिसका बसला. चांगला हातभर रोहू. काटा मोडला, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही.

परसात राख लावून मासा साफ करताना तिची बोटं कल्ल्यात थांबली. घशाशी काही तरी अडकलं होतं. ओला, मऊ बोळा. तो उलगडायच्या आधीच तिला कळलं होतं, कारण तिचा चेहरा राखेसारखा झाला. तळहातावर तो कागद पसरून तिनं हात माझ्यापुढं केला.

"वन्सं, वाचा."

मी वाकून बघितलं. वर एक र असावा. खाली नुसता निळा डाग.

"कुनाचं हाय?"

मी म्हटलं, कळत नाही. तिनं मला उन्हाकडं वळवलं, नीट बघा म्हणाली. मी नीट बघितलं. दोघांच्याही चिठ्ठ्या मीच लिहिलेल्या, एकाच वहीच्या पानांवर, एकाच शाईनं. आजही देवाची शपथ घेऊन सांगेन, काही वाचता येत नव्हतं.

मासा फेकून देणंही पाप, आणि हौसाक्का तिकडं वाट बघत होती. वहिनीनं कालवण केलं. डोळे पुसत म्हणाली, कांदा लय झोंबतोय. वाटी मीच नेऊन दिली. हौसाक्का किती तरी दिवसांनी अख्खी भाकर जेवली, वाटी बोटानं पुसून घेतली. घरी मीही जेवले. चवीचं होतं, तेही सांगते. वहिनी उपास म्हणून उठली. संध्याकाळ व्हायच्या आत ती चिठ्ठी तिनं नव्या गोळीत घातली आणि एकटी घाटावर जाऊन सोडून आली. पण एकदा तोंडातून ओढून काढलेलं नाव पुन्हा पोचतं की नाही, हे मास्तरीणबाईंना विचारायची काही तिची छाती झाली नाही.

त्यानंतरच्या दिवसांत वहिनी देवापुढं उभी राहून काय मागत होती ते मला माहीत आहे, कारण मीही तेच मागत होते. ते नाव दादाचं नसू दे. आणि नावं दोनच होती.

तारवाला आळीत शिरला तेव्हा आम्ही दोघी दारात जोंधळे निवडत होतो. तो आमच्या दाराशी आला, कागदाकडं बघितलं आणि पुढं गेला. वहिनीनं श्वास सोडला. मीही सोडला. तो आवाज माझ्या कानात अजून आहे, कारण तो सुटकेचा होता. तेवढ्यात शेजारच्या घरातून हौसाक्काची किंकाळी आली. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आम्ही एकमेकींना त्या एका क्षणात पुरतं ओळखलं आणि पुढं उभा जन्म त्यावर एक शब्द बोललो नाही.

दादा उन्हाळ्यात आला. धडधाकट आला. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला तेव्हा वहिनी आत चुलीपाशी बसून राहिली, बाहेर आलीच नाही. गळ आणि तंगूस तिनं डोहात फेकून दिले. मासा तिनं पुन्हा तोंडात घातला नाही, पित्त होतं म्हणायची. आणि हौसाक्काच्या उंबऱ्याच्या आत तिनं पुन्हा पाय ठेवला नाही. दूध धाडायची, तूप धाडायची, बाळंतविडा धाडला, पोरांना अंगाला बसतील असे कपडे शिवून धाडले, पण सगळं माझ्या नाही तर आईच्या हातून. गाव म्हणालं, नवरा परत आला तशी हिला गर्व झाला. वहिनीनं ते ऐकलं आणि ऐकून घेतलं. माझं लग्न होऊन मी सांगलीला गेले. दर दिवाळीला यायचे तेव्हा दोन ओट्यांवर दोन बायका पाठमोऱ्या बसलेल्या दिसायच्या.

पुतण्या बोलवायला आला तेव्हा पायऱ्यांवरचं ऊन सरकलं होतं. जेवले. काय जेवले आठवत नाही. मग हात धुऊन सरळ हौसाक्काकडं गेले.

ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तेव्हा पोटात असलेला मुलगा आता ट्रॅक्टर चालवतो, त्यालाही नातू झाला. मी बसले आणि यावेळी उसाचं काढलं नाही. डोहापासून सुरू केलं. पेंड, काकवी, परातीतली कणीक, सगळं. ती मान खाली घालून ऐकत होती, बोटं चालूच होती. घशातून निघालेल्या चिठ्ठीपाशी आले तेव्हा बोटं थांबली. मी तारवाल्याचंही सांगितलं. आम्ही सोडलेल्या श्वासाचंही सांगितलं. मग म्हटलं, "वयनीनं जाताना तुला सांगाय सांगितलं हुतं, आक्का. तुझ्या मालकाचं नाव आपन पान्यातनं वढून काढलं, ह्येच घिऊन ती जगली."

हौसाक्कानं हातातली शेंग खाली ठेवली. मला वाटलं, आता उठून आत जाईल आणि दार लावून घेईल.

"ती चिट्टी आमची न्हवती," ती म्हणाली.

मी म्हटलं, आक्का, तसं सांगता येत नाही, शाई पसरली होती.

"न्हवती म्हंते न्हवं. म्या येकबी गोळी नदीला घातली न्हाई."

मग तिनं सांगितलं, शेंगांच्या टरफलांकडं बघत. आईनं दिलेले गहू तिनं दळून आणले, कणीक मळली, चिठ्ठ्या जवळ घेऊन बसली. दोन्ही पोरं येऊन परातीजवळ बसली. थोरला म्हणाला, आई, चपात्या? दिवाळीनंतर त्या घरात चपाती झाली नव्हती. आज यांना घालू, उद्या माशांना, असं म्हणून तिनं तवा ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. गहू संपले. पहाटे घाटावर जाते म्हणायची तेव्हा ती नुसतीच वाटेतल्या पिंपळाखाली बसून परत यायची. चिठ्ठ्या राहिल्या. देवाचं नाव चुलीत कसं घालायचं? शेवटी तिनं त्या दारातल्या तुळशीच्या मातीत पुरल्या.

"जित्या नवऱ्याचं नाव म्या ह्या हातानं मातीत पुरलं," ती म्हणाली. "मग तार येनार न्हाई तर काय येनार?"

इतकी वर्षं पोरांना गणितं घातली, पण हे एवढंसं गणित सुटायला मला वेळ लागला. नावं दोनच होती. एक मातीत होतं. मग माशाच्या घशात होतं ते दुसरं.

"आक्का," मी म्हटलं, "मग ती आमच्या दादाची हुती. दादाचं नाव गिळलेला मासा आमी गळानं वढला. कालवन केलं. तू खाल्लास, म्या खाल्ला. आन् दादा आला. नातवंडं खेळवून, पेन्शन खाऊन, म्हातारा हून गेला."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. "मग माझ्या पुरन्यानं..."

"न्हाई आक्का. तुझ्या पुरन्यानं काय बी झालं न्हाई."

ती रडली नाही. तोंडावरून पदर फिरवला आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसली, ओझं उतरवल्यावर हमाल बसतो तशी. आतून सुनेनं विचारलं, चहा टाकू का? मीच नको म्हटलं.

"इंदू माझ्या दारात येईनाशी झाली," मग ती म्हणाली. "मला वाटायचं, तिला गव्हाचं कळलंय. तिच्या सासूनं नवसाला दिल्यालं गहू म्या पोरांस्नी घातलं, म्हनून तोंड बगत न्हाई. रस्त्यात दिसली की मीच पदर वढून घ्यायची."

"तिला वाटायचं, तुला माशाचं कळलंय."

हौसाक्का हसल्यासारखं काही तरी करून थांबली. शेजारच्या ओट्याकडं बघत राहिली. तिथं वहिनीची नातसून सतरंज्या झटकत होती.

"तुला हे सांग म्हनाली," तिनं विचारलं, "त्येच्या म्होरं किती दिस हुती गं ती?"

"आठवडाभर हुती."

"सुदीवर?"

"सुदीवर."

तिनं एक शेंग उचलली आणि न फोडताच परत ठेवली. सांगलीहून सकाळच्या एसटीत बसलं की जेवायच्या वेळेला गावात पोचता येतं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत दवाखान्यात जाता येतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.